नवतपा आणि दुरुस्तीची चिठ्ठी

काल कूलरवाला येऊन गेला. जुनं गवत उपसलं, नवीन भरलं, टाकी खरवडली, पंप पाण्यात सोडला आणि पहिला ओला भपकारा तोंडावर आला. झालं! लोकांना म्हणे त्या वासानं शाळेच्या सुट्ट्या आठवतात, मामाचं गाव आठवतं, रस आणि सरगुंडे आठवतात. मला बाजाराच्या नियमांतला एक परिच्छेद आठवतो. आता बोला!

शहराचं नाव सांगत नाही, नोकरी अजून शिल्लक आहे. अमरावती आणि अकोल्याच्या पट्ट्यातलंच एक समजा, उन्हात कोणाहून कमी नाही. तिथल्या महापालिकेच्या विधी विभागात मी बसते. विधी विभाग म्हटलं की लोकांना काळे कोट दिसतात. आमचं रोजचं काम त्याहून पुष्कळ साधं. शहराचे उपविधी सांभाळायचे. कुत्रं पाळायचं तर काय करायचं, लग्नाचा मांडव रस्त्यात किती पुढे आणायचा, गुजरीत, म्हणजे रोजच्या भाजीबाजारात, कोणी बसायचं, नळाला मोटर लावली तर काय दंड. राज्याचा कायदा ज्या गल्लीत वाकून बघत नाही, त्या गल्लीतले हे नियम. ते सगळे एका पुस्तकात, आणि त्या पुस्तकाची अधिकृत प्रत आमच्या कपाटात.

ही प्रत म्हणजे काय प्रकार होता, ते बघितल्याशिवाय पटायचं नाही. सभेत एखादा नियम बदलला की आमच्याकडे पुस्तक नव्यानं छापत नसत. बदल एका चिठ्ठीवर टाइप करायचा आणि जुन्या नियमाच्या अंगावर डिंकानं चिकटवायचा. याला आम्ही ‘चिठ्ठी लावणे’ म्हणायचो. पुन्हा बदल झाला की चिठ्ठीवर चिठ्ठी. पुस्तक असं फुगलं होतं की मिटत नसे, सुतळीनं बांधून ठेवावं लागे. पण जे चिकटवलंय तोच कायदा, असा आमचा रिवाज. वकील यायचे, खालच्या ओळी वाचायला चिठ्ठीची कड नखानं उचलायचे आणि मी ओरडायची, ‘अहो, हात लावू नका, कायदा निघून येईल!’ सगळे हसायचे. मीही हसायची.

मग तो उन्हाळा आला. आमचे विधी अधिकारी देशमुख साहेब, माणूस सज्जन पण भयंकर भित्रा. त्यांनी मनावर घेतलं की या सगळ्या चिठ्ठ्या एकत्र करून स्वच्छ, नवी संहिता छापायची, संकेतस्थळावरही टाकायची. काम माझ्याकडे. होळी होऊन गेली होती, पत्र्याखालची आमची खोली भाजत होती. शिपायानं कूलर आणला आणि मायेनं माझ्या टेबलाकडे तोंड करून लावला. रात्रभर ओली हवा, दिवसा वीज गेली की भट्टी. कागद फुगायचा, सुकायचा, पुन्हा फुगायचा. एका सकाळी मी सुतळी सोडली, प्रत उघडली, आणि कूलरच्या वाऱ्याबरोबर शहराचे नियम खोलीभर उडाले. कपाटावर, पंख्याच्या पात्यावर, एक तर साहेबांच्या चहात. आम्ही सगळे वाकून कायदा वेचत होतो. आज सांगताना हसू येतं. त्या दिवशी कोणी हसलं नाही.

बहुतेक चिठ्ठ्यांवर कलमाचा आकडा होता, त्या आपापल्या घरी गेल्या. एक तेवढी उरली. ‘स्वतः पिकवलेली फुले, फळे व भाजी विकणाऱ्या शेतकऱ्यास परवाना लागणार नाही.’ बस, एवढंच. आकडा नाही. ती गुजरीच्या पानावर होती की आठवडी बाजाराच्या? दोन्ही पानं समोरासमोर, दोन्हींवर डिंकाचे पिवळे डाग. गुजरीखाली लावली तर शेतकऱ्यानं रोज बसावं. आठवडी बाजाराखाली लावली तर फक्त बुधवारी, बाकी दिवस परवाना काढा, आणि नवे परवाने तर केव्हाचे बंद. सभेचा ठराव काढला. त्यात लिहिलेलं, ‘बाजार उपविधीत योग्य ठिकाणी समाविष्ट करावे.’ योग्य ठिकाणी! म्हणजे ठिकाण ठरवलं होतं चिकटवणाऱ्यानं. राजपत्रात तेच शब्द उतरलेले. आणि ज्या बाबूंनी ती चिकटवली होती ते वारून वर्षं झाली होती.

ती चिठ्ठी हातात धरून मी किती वेळ उभी होते कोणास ठाऊक. कारण गुजरीत माझी वहिनी बसते.

शोभावहिनी, माझ्या मोठ्या भावाची बायको. ती आमच्या घरात आली तेव्हा मी शाळेत होते. माझ्या वेण्या तिनं घातल्या, परीक्षेला जाताना हातावर दही तिनं ठेवलं, आणि मी पदवीधर झाले त्या दिवशी पेढे वाटायला सगळ्या गल्लीत तीच फिरली. गावाला लागून आमचं काळ्या मातीचं लहानसं रान आहे. त्यात झेंडू, थोडा गुलाब आणि उन्हाळ्यात मोगरा. उजाडायच्या आत ती कळ्या तोडते, ओल्या फडक्यात गुंडाळते आणि गुजरीच्या कोपऱ्यावर येऊन बसते. मोगऱ्याचा सगळा धंदा लग्नसराईचा. पुढे बाकीचं वर्ष त्याच्यावर ढकलायचं असतं. दादाचे गुडघे गेल्यापासून घर तिच्या टोपलीवर चालतं, हे सरळ सांगून टाकते.

कचेरीत कोणाला हे माहीत नव्हतं. मी लपवलं असंही नाही, कोणी विचारलं नव्हतं. माझं सासरचं आडनाव वेगळं, कचेरीत मी सुमन मॅडम. संध्याकाळी वहिनीच्या अंगणात मात्र मी सुमी, पाटावर बसून कुरडया फोडून खाणारी.

मला आठवत होतं, ती चिठ्ठी गुजरीच्या पानावर होती. अगदी लख्ख. डाव्या बाजूला, जरा तिरकी. पण रात्री पडल्या पडल्या शंका यायची. मला आठवतंय, की मला तसं हवंय म्हणून आठवतंय? डोळे मिटले की तिरकी चिठ्ठी दिसायची. मग आठवडी बाजाराच्या पानावर लावून बघायची, तर तिथंही ती तितकीच तिरकी दिसायची. वैताग नुसता! माणसाच्या डोक्याचा काही भरवसा नाही, हे तेव्हा कळलं, आणि कळून उपयोग काही झाला नाही.

छपाई अकोल्याला. मे लागला होता. तोंडाला दुपट्टा, पर्समध्ये कांदा, मांडीवर मुद्रितांचं बाड. एसटीची खिडकी उघडली तर लू, लावली तर उकाडा. मूर्तिजापूर मागे पडलं, बोरगाव मंजू आलं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेली काळी रानं, वर हवा नुसती थरथरतेय. त्या पांढऱ्या उन्हाकडे बघत मी एकच वाक्य घोकत होते, काहीतरी ठरव, काहीतरी ठरव.

छापखान्याचे मालक रशीदभाई. त्यांनी आधी थंड पाणी पाजलं, मग संगणकावर बाजाराचं प्रकरण उघडलं.

‘मॅडम, सब बैठ गया. ये एक पॅरा बाकी आहे. कुठी टाकू? बोला, आत्ता टाकतो. संध्याकाळी मशीनवर घ्याचं आहे.’

मी म्हटलं, ‘साहेबांना विचारते.’

साहेब अमरावतीला आयुक्तालयात मिटिंगला. फोन उचलून कुजबुजले, ‘सुमनताई, इथं मान वर करता येत नाही. तुमाले योग्य वाटते तिथं टाका. तुमी टाकलं म्हणजे मी टाकलं.’

संपलं होतं की सगळं! परवानगी मिळाली होती. रशीदभाईंचं बोट माउसवर. पडद्यावर गुजरीचं कलम उघडं, खाली एका परिच्छेदाएवढी जागा. मी नुसतं ‘इथं’ म्हणायचं. वहिनीचा कोपरा कायमचा छापून निघाला असता आणि कोणी विचारायलाही आलं नसतं. पण मला ते म्हणवेना. कारण ‘इथं’ म्हटल्यावर मला जन्मभर कळणार नव्हतं की मी कायदा लावला की घर लावलं. आणि उद्या कोणाला कळलं तर? गुजरीचे गाळेवाले आधीच शेतकऱ्यांवर टपलेले. ‘मॅडमच्या वहिनीसाठी नियम लिहिला’ एवढं एक बोट ठेवलं की सगळी संहिता कोर्टात, आणि शेतकऱ्यांची बाजू कायमची गाळात.

मी फोनवर म्हटलं, ‘साहेब, माझी वहिनी गुजरीत फुलं विकते. मी हे ठरवू नये.’

साहेब कुजबुज विसरून ओरडलेच, ‘आवो, मंग सांगतलं कावून मले! आता मले माहीत झालं ना!’

‘म्हणूनच सांगितलं.’

‘आता गुजरीखाली टाकलं तं माह्या गळ्याशी येईन. बुधवारच्या बाजाराखाली टाका. कोणी बोट नाही दाखवाचं.’

‘साहेब, पण रोजची वहिवाट...’

‘ताई, टाका म्हणतो ना!’

रशीदभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी बुधवारच्या कलमावर बोट ठेवलं. त्यांनी टाकलं. एका क्षणाचं काम. परत येताना मी एसटीत रडले, आणि दुपट्ट्याचा एक फायदा असा की कोणाला दिसत नाही.

छापलं होतं ते नुसतं प्रारूप. लोकांनी वाचावं, हरकती द्याव्यात, मग सुनावणी, मग सभा, मग शासन, मग कुठं तो नियम. पण छापलेलं पुस्तक हातात आलं की बाजार निरीक्षकाला प्रारूप काय अन् अंतिम काय. त्यानं लगेच ते पुस्तक काखेत मारलं आणि गुजरीच्या कोपऱ्यावरून सगळ्या टोपल्या उठवल्या. सोमवार होता. मोगऱ्याचा ऐन भर.

त्या संध्याकाळी मी वहिनीकडे गेले. अंगणात ओलं फडकं पसरलेलं आणि त्यावर पिवळट पडलेला मोगरा. सकाळी शुभ्र असतो हो तो. दुपारपर्यंत गिऱ्हाइकाच्या हातात गेला तर ठीक, नाही तर संध्याकाळी नुसता कुजका गोड वास. सगळं अंगण त्यानं भरलेलं.

‘वयनी,’ मी म्हटलं, ‘ते मीच छापून आणलंय.’ आणि फोनपर्यंतचं सगळं सांगितलं.

ती फुलं चिवडत बसली होती. हात थांबले. ‘साहेब म्हणत व्हता, तुले वाटते तिथं टाक?’

‘हो.’

‘अन् तू त्याले सांगतलं, माही वयनी हाये?’

‘हो.’

‘खरं बोलाले तुले माहीच टोपली सापडली का वं सुमे?’

ती उठून आत गेली. दादा खाटेवर होता. मला कोणी पाणीसुद्धा विचारलं नाही. त्या घरात असं पहिल्यांदा झालं. मी चप्पल घातली आणि निघाले.

मला राग आला होता, हे कबूल केलं पाहिजे. तिच्यावर नाही, साहेबांवर नाही, त्या मेल्या बाबूंवर आला होता. एक आकडा टाकायला काय झालं होतं त्यांना? पुढे कित्येक दिवस कचेरीत कोणी डिंकाची बाटली उघडली तरी मी फणकारायची. ‘जिथं लावाल तिथं आकडा लिहा, तारीख लिहा, सही करा!’ हल्ली आमच्याकडे चिठ्ठ्या नाहीतच. संगणकावर प्रत्येक बदलाखाली ठरावाचा क्रमांक, आधी काय होतं, कोणी बदललं, सगळं आपोआप राहतं. नवीन मुली म्हणतात, ‘मॅडम, तुम्ही फार किरकिर करता.’ करते. त्यांना सांगते, बायांनो, नियम कोणता आहे यापेक्षा तो कुठं ठेवलाय यानं माणसं उठतात आणि बसतात. त्या मान डोलवतात आणि मोबाइल बघतात.

तर, हरकती. आमच्या शहरात हरकतींची मुदत म्हणजे विधी विभागाची आरामाची वेळ. कोणी येत नाही. त्या वर्षी शेवटच्या दिवशी, नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, नुकताच लागलेला, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही, अशा दुपारी गुजरीतली सगळी ओळ कचेरीच्या जिन्यात उभी. भाजीवाल्या, फुलवाल्या, दोन म्हातारे माळवेवाले. पुढे वहिनी. कोणाकडून तरी अर्ज लिहून घेतला होता. तिनं माझ्याकडे न बघता तो टेबलावर ठेवला. मी शिक्का मारला आणि पोच दिली. ‘सुनावणीला या,’ म्हटलं. ‘येतो,’ म्हणाली. दोघींमध्ये कूलर घरघरत होता.

सुनावणी नवतपातच झाली. वरच्या मजल्यावरचं सभागृह, दोन कूलर, तरी खुर्चीचं रेक्झिन अंगाला चिकटत होतं. अध्यक्ष उपायुक्त मॅडम, बाजूला देशमुख साहेब घाम पुसत, आणि टिपणं घ्यायला मी. समोर एका बाजूला गाळेवाले, कडक इस्त्रीचे. दुसऱ्या बाजूला गुजरीची ओळ. गाळेवाल्यांचे पुढारी आधी बोलले. आम्ही कर भरतो, परवान्याची फी भरतो, हे लोक फुकट बसतात, बुधवारचं कलम छापलंय तेच ठेवा. बोलणं मुद्देसूद होतं, खोटं का म्हणू?

मग वहिनी उभी राहिली. पदर खोचला. ‘मॅडम, मी शेतातून आणतो अन् विकतो. बुधवारी बसा म्हणता. मोगऱ्याले वार कयते का? थो तं रोज फुलते. गुरुवारी तोडलेला मी बुधवारपावतर कुठी ठेवू? तुमीच सांगा मले.’

उपायुक्त मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. मला बरं वाटायला लागलं तेवढ्यात ते पुढारी पुन्हा उठले.

‘मॅडम, आम्हाला असं कळलंय की या लोकांचं आतमध्ये कोणीतरी आहे. यांना अर्ज कसा द्यायचा, मुदत कधी संपते, कोणी सांगितलं? या बाईंनाच विचारा, महापालिकेत यांचं कोणी आहे का. असेल तर ही हरकतच रद्द करा.’

पेन माझ्या हातातून घामानं निसटलं. साहेबांनी डोळे छताला लावले. मुदतीचं मी कोणालाही सांगितलं नव्हतं, ती जाहिरात पेपरात होती. पण ते कोण ऐकणार होतं? वहिनीनं ‘नाही’ म्हटलं असतं तर ते खोटं पाच मिनिटांत उघडं पडलं असतं. ‘हो’ म्हटलं तर तिची जागा, त्या सगळ्या ओळीची जागा आणि माझी नोकरी, तिन्ही एकदम त्या टेबलावर होत्या. मला ओरडावंसं वाटलं की तिला विचारू नका, मला विचारा.

वहिनीनं माझ्याकडे बघितलं. त्या सोमवारनंतर पहिल्यांदा.

‘हाव. हाये ना,’ ती म्हणाली. ‘हे काय समोर बसली, लिवून राहिली थे. माही नणंद हाये. तिनंच साहेबाले सांगतलं का वयनी हाये म्हून, अन् तिच्यापायीच माही जागा गेली. असं आतलं माणूस तुमाले पाहिजे असन तं घेऊन जा बाप्पा!’

गुजरीची ओळ खदखदून हसली. गाळेवाल्यांतलेही दोघे हसले. पुढारी उभेच राहिले, मग बसले. उपायुक्त मॅडमनी साहेबांना विचारलं, ‘हे खरं आहे?’ आणि देशमुख साहेब, तो भित्रा माणूस, उभा राहून म्हणाला, ‘खरं आहे मॅडम. छापाच्या आधी सांगतलं त्यायनं मले. बुधवारखाली मी टाकाले लावलं, भेलो म्हून. वहिवाट रोजचीच व्हती.’ हे सगळं मीच टिपून घेत होते. अक्षर वाचता येत नव्हतं.

प्रारूप अंतिम होईपर्यंत कोणाला उठवायचं नाही, असं मॅडमनी तिथल्या तिथं सांगितलं, आणि पुढे परिच्छेद गुजरीखाली गेला. बुधवारखालीही राहिला. आज संहिता उघडलीत तर दोन्हीकडे सापडेल, खाली सुनावणीच्या शिफारशीसकट. पण मला ते वाचताना त्या सभागृहाचाच उकाडा होतो.

सुनावणी सुटली तेव्हा मी जिन्यात वहिनीला गाठलं. काय बोलायचं ते ठरवलं होतं, सगळं विसरले आणि लहान पोरीसारखी रडायला लागले. बाकीच्या बाया पुढे जाऊन थांबल्या.

‘तुह्यापायीच गेली व्हती ना जागा?’ वहिनी म्हणाली. ‘मी खोटं बोलली का?’

‘नाही.’

‘मंग रडून काहून राहिली? चाल माह्यासंगं. सकायची फुलं तशीच पडून हायेत, गजरे कराले दोन हात पाहिजे.’

भर दुपारी, कचेरीच्या वेळेत, मी अर्ध्या रजेचा अर्ज शिपायाच्या हातात कोंबला आणि तिच्या मागे गुजरीत गेले. तिनं कोपऱ्यावर पुन्हा पोतं अंथरलं. मी तिच्या शेजारी मांडी घातली, दोरा ओला केला. समोरून आमच्या कचेरीतले दोघे येताना दिसले आणि माझा हात आपोआप गळ्यातल्या ओळखपत्राकडे गेला. मी ते डोक्यावरून काढायला लागले, तर वहिनीनं माझं मनगट धरलं.

‘राहू दे,’ ती म्हणाली. ‘पाहू दे लोकाइले.’